भिकू म्हात्रे मरतो तेव्हा आपल्या पोटात का तुटतं?

१९९८ चा पावसाळा. मुंबईच्या टोळ्यांवरचा 'सत्या' हा सिनेमा लागला होता आणि आम्ही तिघं मित्र लेक्चर बुडवून दुपारच्या शोला गेलो होतो. त्यात तो सीन येतो, निवडणूक जिंकलेला भाऊ नावाचा पुढारी भिकू म्हात्रे या गुंडाला बोलवून घेतो आणि काही कळायच्या आत त्याच्या डोक्यात गोळी घालतो. अख्खं थिएटर गार. मागच्या रांगेतून कुणीतरी फक्त 'अरेरे' म्हणालं, आणि मला चांगलं आठवतंय, माझ्याही पोटात तुटलं होतं. आता जरा विचार करा, हा भिकू दोन तास काय करत होता? खंडणी गोळा करत होता, माणसं मारत होता. आणि हे काही लांबच्या देशातलं नव्हतं, आदल्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुलशन कुमार यांना अंधेरीत भरदिवसा गोळ्या घातल्या होत्या, मुंबईत लोक खंडणीच्या फोनला खरोखर घाबरत होते, आणि तेच लोक थिएटरात बसून एका खंडणीवाल्यासाठी हळहळत होते.

बाहेर पडलो, चहा घेतला आणि आमचं जुंपलं. एक म्हणाला सिनेमा सरळ सांगतोय की या लायनीत गेलास की मेलास. दुसरा म्हणाला छे, सिनेमा सांगतोय की गुंड हे प्यादं असतं, खरा गुंड तो निवडून आलेला भाऊ. तिसरा म्हणजे मी, मला त्या दिवशी अर्थबिर्थ काही नको होतं, मला समुद्राकडे तोंड करून 'मुंबई का किंग कौन' असं ओरडता यायला हवं होतं. एकच सिनेमा, शेजारी शेजारी तीन खुर्च्या, तीन वेगळे सिनेमे. यात चुकलं कोण? बरीच वर्षं मला वाटायचं की कुणीतरी चुकलंच असणार. नंतर या विषयावर वाचायला लागलो तेव्हा कळलं की हाच प्रश्न घेऊन लोकांनी आयुष्यं घालवलीत. त्यातलं जे मला समजलं, ते साध्या शब्दांत सांगतो.

आधी एक जुनी समजूत बाजूला काढू. आपल्याला वाटतं सिनेमाचा मेसेज शेवटात असतो. गुन्हेगार मेला किंवा पकडला गेला म्हणजे सिनेमा चांगला, सुटला म्हणजे वाईट. सेन्सॉरवाल्यांचा तर यावर फार विश्वास. १९३२ चा 'स्कारफेस' घ्या, शिकागोचा गुंड अल कपोन याच्या आयुष्यावर बेतलेला, टोनी नावाचा गुंड. बोर्डांनी हरकत घेतली की हे गुंडगिरीचं कौतुक आहे. मग नावाला 'देशाची लाज' अशा अर्थाचं शेपूट जोडलं, सुरुवातीला सरकारला जाब विचारणारी पाटी टाकली, आणि एक वेगळा शेवट शूट केला ज्यात टोनीला कोर्टात उभं करून फाशी देतात. तोवर हिरो पॉल म्युनी उपलब्ध नव्हता, म्हणून त्या फाशीच्या शेवटात टोनीचा चेहरा कुठे दिसतच नाही. एवढं करूनही न्यूयॉर्कच्या बोर्डाचं समाधान झालं नाही. पुढे १९३४ पासून हॉलिवूडमध्ये जे नियम कडक लागू झाले त्यात लिहिलंच होतं की प्रेक्षकाची सहानुभूती कधीच गुन्ह्याच्या बाजूला जाता कामा नये. आणि हे जुन्या काळापुरतं नाहीये हं, २०२२ मध्ये चीनच्या एका मोठ्या स्ट्रीमिंग साइटवर 'फाइट क्लब' हा अमेरिकन सिनेमा आला तेव्हा शेवटचे स्फोट काढून तिथे पाटी लावली होती की पोलिसांनी कट हाणून पाडला आणि सगळ्यांना अटक केली. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की बराचसा कापलेला भाग परत आणावा लागला.

पण माणूस सिनेमा असा बघतच नाही. शेवट असतो पाच मिनिटांचा, त्याच्या आधीचे दोन तास आपण त्या माणसाबरोबर जेवलेलो असतो, त्याची बायकोशी भांडणं ऐकलेली असतात. १९८३ मध्ये अल पचिनोचा 'स्कारफेस' आला, त्यातला टोनी माँटाना शेवटी गोळ्यांनी चाळण होऊन स्वतःच्याच बंगल्यातल्या पाण्यात पडतो आणि वर अक्षरं असतात, 'जग तुझं आहे'. याहून स्पष्ट शेवट कसा करणार सांगा? तरी तो पोरांच्या खोल्यांच्या भिंतींवर गेला, रॅपर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. अशा वेळी 'लोकांना सिनेमा कळलाच नाही' असं म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. काहीही नसताना हातात डिश धुवायचा ब्रश घेऊन सुरुवात केलेला निर्वासित माणूस वर चढतो, हे त्या पोरांनी बघितलं. तेही सिनेमातच होतं की, त्यांनी काही बाहेरून आणलं नव्हतं.

रॉबर्ट वॉर्शो नावाचे एक अमेरिकन समीक्षक होते, त्यांनी १९४८ मध्येच यावर छोटा निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं, की आपल्या सगळ्यांवर यशस्वी व्हायचं दडपण असतं, आणि यश म्हणजे चार लोकांना मागे टाकून वर जाणं, आणि वर गेलेला एकटा पडतो, आणि एकट्या पडलेल्याला लोक पाडतात. गँगस्टर हे सगळं आपल्या वतीने करून दाखवतो. तो चढतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर चढतो, तो मरतो तेव्हा आपल्याला वाईटही वाटतं आणि आत कुठेतरी सुटल्यासारखंही वाटतं, की बरं झालं बाबा आपण साधेच राहिलो. भिकूच्या मरणाला माझ्या पोटात जे तुटलं त्यात हे दोन्ही होतं असं मला आता वाटतं.

आता यातली यंत्रणा कशी चालते ते बघू. मरे स्मिथ या अभ्यासकाने १९९५ मध्ये दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवल्या, मी त्यांना सोबत आणि पक्ष म्हणतो. सोबत म्हणजे कॅमेरा कुणाच्या मागे मागे चालतो, कुणाच्या घरात जातो, कुणाला माहीत असलेलं आपल्याला माहीत असतं. पक्ष म्हणजे मनातून आपण कुणाच्या बाजूने. या दोन गोष्टी एक नाहीत, कुणाची सोबत मिळाली म्हणजे त्याचा पक्ष घेतलाच पाहिजे असं नाही. पण सोबत दीर्घ झाली की पक्ष हळूहळू तिकडे सरकतो, जसं एसटीत चार तास शेजारी बसलेल्या माणसाचं आपल्याला पटायला लागतं.

यासाठी 'दृश्यम'सारखं उदाहरण नाही. मूळ २०१३ चा मल्याळम, हिंदी २०१५ चा, आपल्या निशिकांत कामतांनी दिग्दर्शित केलेला, गोव्यात घडणारा. घरच्यांच्या हातून झालेला खून लपवायला विजय साळगावकर पुरावे नष्ट करतो, पोरींना खोटं बोलायला शिकवतो, साक्षीदारांच्या आठवणीच बदलून टाकतो. कायद्याने बघितलं तर सगळं गुन्ह्यातच मोडतं. आणि आपण? गाडी पाण्यात ढकलतो तेव्हा आपण मनात म्हणतो बुडू दे, लवकर बुडू दे. कारण पहिल्या फ्रेमपासून आपण त्याच्या घरातले आहोत. शिवाय सिनेमा त्याच्यासमोर गायतोंडे नावाचा पोलीस उभा करतो, लाच खाणारा, लहान पोरीवर हात उचलणारा. माणूस चांगला वाटायला तो चांगलाच असावा लागत नाही, शेजारी आणखी वाईट माणूस उभा केला की काम होतं, 'सत्या'मध्ये भिकूच्या शेजारी भाऊ उभा केलाय तसा.

पण मी हा सिनेमा आईबरोबर बघितला आणि तिथे माझा अंदाज साफ चुकला. आम्ही सगळे विजयसाठी श्वास रोखून बसलेलो, आणि आई मात्र तब्बूकडे, म्हणजे मेलेल्या मुलाच्या पोलीस अधिकारी आईकडे बघत होती. मुलगा नालायक होता हे तिलाही मान्य. पण ते आईबाप शेवटी समुद्राकाठी येतात आणि विचारतात, आमचा मुलगा परत येईल अशी वाट बघायची की नाही, तेवढंच सांगा, त्या सीनला आईच्या डोळ्यात पाणी. म्हणाली, 'तिला पोराची राखसुद्धा मिळाली नाही रे.' आमच्यासाठी तो बुद्धीचा खेळ होता, दर वर्षी २ ऑक्टोबरला मीम टाकायचा सिनेमा. तिच्यासाठी ती मूल हरवलेल्या बाईची गोष्ट होती, आणि ती गोष्टही सिनेमात खरोखर आहे, आम्हीच तिकडे बघितलं नव्हतं.

याच गोष्टीचा चिनी रिमेक २०१९ मध्ये आला, थायलंडमध्ये राहणाऱ्या चिनी वंशाच्या कुटुंबाचा केलेला, आणि त्यात बाप शेवटी स्वतः गुन्हा कबूल करतो. म्हणजे वर म्हटलं तसा शेवट बदलला. मग फरक पडला की नाही? पडतो, पण सेन्सॉरवाल्यांना वाटतो तसा नाही. कबुली दिली तरी दोन तास आपण त्याच्याच घरात असतो, त्याच्यावरची माया कमी होत नाही, उलट वाढते. बदलतो तो आपल्या मनात राहणारा प्रश्न. आपल्या 'दृश्यम'मधून बाहेर पडताना प्रश्न असतो की कुटुंबासाठी माणूस कुठवर जाईल, तिकडे प्रश्न होतो की कुणीच पकडत नसताना माणूस स्वतःहून का थांबतो.

सोबतीची ताकद किती असते हे सिरियलमध्ये जास्त दिसतं, कारण सिनेमा दोन-अडीच तासांचा आणि सिरियल पाच-पाच वर्षं घरात. 'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ चालली, केमिस्ट्रीचा मास्तर कॅन्सर झाल्यावर ड्रग बनवायला लागतो. बनवणारे सांगत होते की आम्ही एका साध्या मास्तराला स्कारफेस होताना दाखवतोय. पण प्रेक्षकांचा राग कुणावर? त्याच्या बायकोवर, स्कायलरवर, जी नवऱ्याला विचारते की तू हे काय करतोयस. तिचं काम करणाऱ्या अ‍ॅना गन यांना इतका तिरस्कार सोसावा लागला की २०१३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याबद्दल लेखच लिहिला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपण ज्याच्या सोबत असतो त्याला अडवणारं माणूस आपल्याला व्हिलन वाटायला लागतं, मग ते बरोबर का असेना. आणि अडवणारी बाई असेल, बायको असेल, तर घरातल्या बायकांबद्दलचे आपले जुने राग पण त्यात मिसळतात. तो भाग सिरियलने दिलेला नसतो, तो आपण घरून आणलेला असतो.

घरून काय आणतो हाच दुसरा मोठा धागा. स्टुअर्ट हॉल हे जमैकात जन्मलेले आणि ब्रिटनमध्ये काम केलेले अभ्यासक, त्यांनी १९७३ मध्ये मांडलं की बनवणारा एक अर्थ भरून पाठवतो पण बघणारा तो आपल्या जागेवरून उलगडतो, आणि ढोबळमानाने हे तीन प्रकारे होतं. एक, पाठवला तसा घेतला. दोन, थोडा घेतला थोडा आपल्या अनुभवाने वळवला, बहुतेक लोक यातच येतात. तीन, काय सांगायचंय ते नीट कळलं पण नाही घेतलं, उलट बाजूने वाचलं. पोलिसांच्या एन्काउंटरवरचा कुठलाही सिनेमा घ्या. एकाला वाटतं बरोबर केलं, दुसऱ्याला वाटतं बरोबर केलं पण कधी चुकीचा माणूस मेला तर काय, आणि ज्याच्या वस्तीत पोलीस रात्री दार वाजवतात तो तोच सीन बघून थरकापतो. तिघांची नजर तेवढीच तीक्ष्ण असते.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र गुन्ह्याच्या सिनेमातलं नाही. 'डॅलस' नावाची अमेरिकन सिरियल होती, श्रीमंत तेलवाल्या घराण्याची. तामार लिब्स आणि एलिहू कॅट्झ या दोघांनी इस्राएलमध्ये आणि बाहेरही वेगवेगळ्या समाजातल्या लोकांना गटागटाने बसवून ती दाखवली आणि नंतर बोलतं केलं. एका भागात स्यू एलन नवऱ्याचं घर सोडते आणि जुन्या प्रियकराकडे, म्हणजे त्याच्या वडिलांच्या घरी जाते. काही अरब प्रेक्षकांनी काय सांगितलं? ती आपल्या वडिलांकडे गेली. नुकतंच डोळ्यांनी बघितलेलं, तरी मनाने तिला माहेरी नेऊन पोचवलं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या आजीची आठवण आली, तीही सिरियलमधली गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगायची तेव्हा ती आमच्या गावात घडल्यासारखी व्हायची. समजून घेणं म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या जगात ती गोष्ट कुठे बसते ते शोधणं. बसत नसेल तर आपण नकळत तिचे कोपरे घासतो.

याची उलटी बाजूही आहे, ती थोडक्यात सांगतो. टीव्हीच्या परिणामांचे अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी दाखवायचा प्रयत्न केला की जे लोक फार टीव्ही बघतात त्यांना बाहेरचं जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. आमच्या काकू रोज 'क्राइम पेट्रोल' बघायच्या, आणि त्यांच्यासाठी त्या सगळ्याचा अर्थ एकच होता, दाराला दोन कड्या आणि नवीन भाडेकरूवर लक्ष.

आता गेम. इथे मामला वेगळा होतो कारण गेममध्ये आपण नुसते बघत नाही, बटण आपण दाबतो. आधी एक गोष्ट, २००६ मध्ये 'स्कारफेस'चाच गेम आला आणि त्याची सुरुवात काय, तर त्या शेवटच्या गोळीबारातून टोनी वाचतो! सिनेमाने ज्याला मारलं त्याला गेमने जिवंत केलं, कारण खेळणाऱ्यांना तो हवा होता. आणि त्या गेममध्ये तुम्ही निरपराध माणसावर बंदूक रोखलीत तर टोनी गोळी चालवायलाच नकार देतो. सिनेमातही बायका-मुलं गाडीत आहेत म्हणून तो बॉम्ब उडवू देत नाही आणि तिथूनच त्याचा शेवट सुरू होतो. म्हणजे प्रेक्षकांना त्याच्यातलं नेमकं काय जपायचं होतं ते त्या एका नियमात दिसतं.

नियम हा शब्द इथे महत्त्वाचा. गेमचे अभ्यासक इयान बोगोस्ट यांनी २००७ च्या पुस्तकात मांडलं की गेमचं म्हणणं त्याच्या गोष्टीपेक्षा त्याच्या नियमांत असतं. 'जीटीए', म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' ही गेमची मालिका बघा. गुन्हा केला की वर स्टार येतात, पोलीस मागे लागतात, आणि गल्लीबोळात जाऊन थोडा वेळ लपलात की स्टार जातात, केलेलं सगळं पुसलं जातं. मेलात तरी हॉस्पिटलच्या बाहेर उठता, थोडे पैसे कापले जातात, बस. गोष्टीत कितीही समाजावर टीका असली तरी हात रोज शिकतात की गुन्हा म्हणजे थोडा वेळ लपणं. त्याच मालिकेतल्या २०१३ च्या पाचव्या गेममध्ये एक मिशन आहे जिथे पक्कड, करंट असली हत्यारं निवडून एका माणसाचा छळ खेळणाऱ्याला स्वतः करावा लागतो, आणि नंतर ते करणारं पात्रच सांगतं की छळातून माहिती मिळत नाही. बनवणाऱ्यांना सरकारांवर टीका करायची होती हे उघड आहे. पण मला तो सीन खेळताना टीका जाणवली नाही, मला कंट्रोलर खाली ठेवावासा वाटला. काहींना तेच त्याचं यश वाटतं. माझं मत असं की भाषण नंतर आलं, बटण आधी आलं, आणि बटणाचा आवाज मोठा असतो.

याउलट 'रेड डेड रिडेम्प्शन २', २०१८ चा, गोष्ट १८९९ च्या अमेरिकेतली, दरोडेखोरांची टोळी. आर्थर मॉर्गन हा आपला माणूस. टोळीतला एकजण सावकारी करतो आणि वसुलीला आर्थरला, म्हणजे आपल्याला, पाठवतो. थॉमस डाउन्स नावाचा आजारी शेतकरी, कर्ज फेडू शकत नाही, आपण त्याला मारहाण करतो, तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. खेळताना ती एक साधी वसुली असते, उरकून पुढे जायचं. कितीतरी तासांनंतर कळतं की त्याला क्षय होता आणि तो आर्थरला लागलाय. त्या शेतकऱ्याची बायको-पोरगा रस्त्यावर आलेले मधेच भेटतात. माझा भाचा हा गेम खेळत होता, सतरा वर्षांचा, खोलीतून बाहेर आला आणि मला म्हणाला, 'मामा, ते मी केलं होतं.' आर्थरने केलं असं नाही म्हणाला. ज्या राज्यात शेतकरी, कर्ज आणि वसुली हे शब्द रोज पेपरात येतात तिथल्या पोराला हे जरा जास्तच लागणार हेही खरं. पुढे कसं वागलात त्यावर आर्थरचं मरण पण बदलतं, चांगले वागलात तर उगवत्या सूर्याकडे बघत शांतपणे जातो, वाईट वागलात तर टोळीतल्या विश्वासघातकी मायकाच्या हातून. पण मरण चुकत नाही. सिनेमाच्या फाशीपेक्षा हे मला खूप जास्त भिडलं, कारण त्या मरणाचं मूळ माझ्याच हातात होतं.

गेम खेळून पोरं खून करतात का, हा प्रश्न लोक विचारतातच, तर तेवढं सांगतो की अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट म्हटलं की खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, आरडाओरडा किंवा ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो.

मग कुणी काहीही अर्थ काढावा का? नाही, तसंही नाही. 'सत्या' बघून कुणी म्हणालं की ही पावसाळी पिकनिकची गोष्ट आहे तर ते चूकच. कॅमेरा कुठे ठेवलाय यावर अर्थाचं कुंपण ठरतं, आणि हे बघायला आपल्याकडे एक मस्त जोडी आहे. २०१८ चा प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' आणि त्याचा २०२१ चा हिंदी रिमेक 'अंतिम', महेश मांजरेकरांचा. गोष्ट तीच, जमीन विकली, बाप हमाल झाला, पोरगा गुंड. पण हिंदीत पोलिसाच्या भूमिकेत सलमान खान आला आणि कॅमेऱ्याचं वजन तिकडे सरकलं. मराठीत विचारायचं होतं की या पोराचं असं का झालं, हिंदीत बराच वेळ आपण वाट बघतो की पोलीस याला कधी धरणार. मूळ गोष्ट तीच राहूनही विषय जमिनीवरून कायद्यावर गेला.

'मुळशी पॅटर्न' मी त्याच भागातल्या एका मित्राबरोबर बघितला. त्याच्या वडिलांनीही जमीन विकलेली, आज तिथे गेट असलेली सोसायटी आहे. पोरं एंट्रीला शिट्ट्या मारत होती, तो गप्प. मोहन जोशी हमालीचं ओझं उचलतात तेव्हा त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. घरी जाताना एवढंच म्हणाला की आमचे तात्या विकल्यावर दोन वर्षं रोज त्या बांधावर जाऊन बसायचे. मला वाटलं, हा सिनेमा खरा कुणाला कळला असेल तर याला.

पुढच्याच मे महिन्यात त्याच्या चुलत भावाचं लग्न होतं. वरातीत डीजेवर त्याच सिनेमातलं 'आरारारा खतरनाक' लागलं आणि हा सगळ्यांच्या पुढे, हातात रुमाल, डोळ्यावर गॉगल, अगदी सिनेमातल्या भाईसारखा नाचत होता. वरात त्या सोसायटीच्या गेटासमोरूनच चालली होती. तात्या एका बाजूला उभे राहून पोराकडे बघत टाळ्या वाजवत होते.